पदवीइतकेच वेतनपत्रक कळणे महत्त्वाचे

एचआरमध्ये (मनुष्यबळ विभागात) यापुढे डेटा ॲनालिटिक्स, म्हणजे आकडेवारीचे विश्लेषण, येणाऱ्यालाच मागणी राहील, असे एक मत आहे. ते पुण्याच्या आयटी कंपन्यांपुरते पटते. छत्रपती संभाजीनगर परिसरातील वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत मात्र, जिथे कायम कामगारांबरोबर कंत्राटी कामगारही असतात, ठेकेदाराच्या पीएफच्या ईसीआरमधील (दरमहा भरायच्या चलन-विवरणपत्रातील) नावे हजेरीपटाशी जुळतात का, हे तपासू शकणारा उमेदवार आधी विचारात घेतला जातो. पीएफचा १२ टक्के दर तोंडपाठ असणे पुरेसे नाही. तो कशावर लावायचा, हेही कळायला हवे. वेतन संहिता, २०१९ नुसार वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. त्यामुळे वेतनरचना नव्याने बसवता येणे (माझ्या मते सफाईदार इंग्रजीहूनही) अधिक मोलाचे आहे. एक्सेल तर यायलाच हवे.