ट्रम्पतात्या की कमलाक्का? उद्यमबागच्या धंद्याला कोण परवडतंय?

उद्यमबागी_टर्नर
मंडळी नमस्कार. राजकारण नको, ते गल्लीतलंच पुरे झालंय. माझं बेळगावच्या उद्यमबागला छोटं मशीनिंगचं शॉप हाय, फौंड्रीतनं कास्टिंग (ओतीव भाग) येतंय, आम्ही बोअरिंग-ड्रिलिंग करून परत देतो आणि त्यातला बराच माल पुढं अमेरिकेला जातो. आता फौंड्रीवाले म्हणूलालेत ५ नोव्हेंबर २०२४ चं अमेरिकेचं इलेक्शन होऊ दे, मग ऑर्डरचं नवीन शेड्यूल देतो. म्हणजे मतदान तिकडं आणि दुसरी शिफ्ट बंद माझी. टीव्ही लावला तर कमला हॅरिसचं आजोळ तामिळनाडूत कुठं आणि ट्रम्प मोदींचा दोस्त किती, एवढंच. दोघांच्या आर्थिक धोरणात फरक काय, कुणीतरी सरळ सांगा की.

खानापूर_रोड
फरक लई हाय भावा. तात्या म्हणतोय बाहेरनं येणाऱ्या सगळ्या मालावर १० ते २० टक्के टॅरिफ (आयात कर, म्हणजे ड्युटी), चीनच्या मालावर ६०. आणि टॅक्स कमी. कंपन्यांचा टॅक्स त्यानंच २०१७ च्या कायद्यानं ३५ वरून २१ टक्क्यावर आणलेला, आता अमेरिकेतच माल बनवणाऱ्याला १५ करतो म्हणतोय, वर ओव्हरटाइमवर टॅक्स माफ. अक्काचं उलटं, कंपन्यांना २८ टक्के, पण वर्षाला ४ लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्यावर वाढ नाही, पहिलं घर घेणाऱ्याला २५ हजार डॉलरपर्यंत मदत, बाळ झालं की पहिल्या वर्षी ६ हजारांची टॅक्स सवलत. टिप्सवरचा टॅक्स काढतो असं दोघंबी म्हणतात, तात्यानं आधी विषय काढला, अक्कानं उचलला 😄
मला विचारशील तर तात्या येऊ दे. चीनवर ६० बसले की ऑर्डर कुठं जाणार? इकडंच की. आणि टॅरिफ भरणार तिकडचा इंपोर्टर, आपल्या खिशाला काय चाट?

डिस्पॅच_मॅडम
दादा, "आपल्या खिशाला काय" हे मी एक्सपोर्ट डॉक्युमेंटचं काम करते म्हणून सांगते, असं नसतं हो. कागदावर ड्युटी तिकडचा भरतो हे खरंय, पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) एफओबी अशी अट असेल तर माल बोटीवर चढला की आपली जबाबदारी संपली. पण मग आठ दिवसात त्यांच्या पर्चेसवाल्याचा मेल येतो, अगदी गोड भाषेत, की ड्युटी वाढलीये, आपण जुने पार्टनर, तर निम्मं तुम्ही सोसा. सोसलं नाही तर पुढचं शेड्यूल पातळ. आणि डीडीपी, म्हणजे ड्युटी भरून पोच द्यायच्या अटीवर माल जात असेल तर बोलायलाच नको, तिथं ड्युटी पहिल्यापासून आपल्याच गळ्यात.
आणि दोस्तीचं म्हणाल तर अमेरिकेची जीएसपी सवलत आठवा. आपल्या बऱ्याच मालाला तिकडं ड्युटी माफ होती, ती सवलत जून २०१९ मध्ये काढली कुणी? तात्यांनीच. पण बायडननी तरी कुठं परत दिली? चीनवरचे तात्यांचे टॅरिफ त्यांनी तसेच ठेवले, उलट यंदा २०२४ ला चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर १०० टक्के लावले. हॅरिस त्यांच्याच सरकारातल्या, त्या येऊन दारं सताड उघडतील असं वाटत असेल तर विसरा. फरक एवढाच की त्या वेचून लावतील आणि तात्या सरसकट. सरसकट लागला तर चीनबरोबर आपलं कास्टिंगही त्यातच.

निपाणीचा_पेन्शनर
मी बँकेत होतो म्हणून व्याजाचं बोलतो. तुमचं कास्टिंग शेवटी लागतं कशाला? ट्रॅक्टरला, ट्रकला, हायड्रॉलिकला. ते तिकडं कर्जावरच घेतात. फेडचा, म्हणजे अमेरिकेच्या रिझर्व्ह बँकेचा दर २०२३ च्या जुलैत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांपर्यंत नेलेला, आत्ता २०२४ च्या सप्टेंबरात अर्धा टक्का कमी केला. माझ्या मते ऑर्डर मंद आहेत त्या ह्या व्याजापायी, इलेक्शन हे निमित्त. ट्रम्प म्हणतात व्याजदरात राष्ट्राध्यक्षाचं पण ऐकावं, हॅरिस म्हणतात फेडमध्ये ढवळाढवळ नाही. पण उधारी दोघांची दांडगी. तिथल्या एका बजेटवाल्या संस्थेनं ह्याच ऑक्टोबरात हिशोब मांडला, पुढच्या दहा वर्षांत हॅरिसच्या योजनांनी देशाचं कर्ज साडेतीन ट्रिलियन डॉलरनं वाढेल, ट्रम्पच्या साडेसातनं. सरकारच एवढं कर्ज काढणार म्हटल्यावर व्याज स्वस्त कसं व्हायचं?

टिळकवाडी_टू_टेक्सास
इथं टॅरिफबिरिफ कुणी बोलत नाही हो, सगळे अंड्याचे दर बोलतात. २०२२ च्या जूनमध्ये महागाई ९.१ टक्के झालेली, आता अडीचच्या आत आलीये, पण वाढलेले दर खाली आले का? नाही. म्हणून हॅरिस किराण्यातली लूट रोखायचा कायदा करते म्हणतायत आणि लोक म्हणतात मग चार वर्षं काय केलंत. आपल्याकडं १९९८ ला कांद्यानं दिल्लीचं सरकार घालवलं, तसलंच वातावरण. ट्रम्प येणार असं मला वाटतंय, आवडो न आवडो.

उद्यमबागी_टर्नर
मॅडम, लई उपयोगी सांगितलात. पण आमच्या हातात एफओबीबी नाही आणि डीडीपीबी नाही, आम्ही निव्वळ लेबर चार्जवर. तिकडच्यानं फौंड्रीला कापलं की फौंड्री मला कापणार, मी कुणाला कापू? परवाच फोन आलाय, दर बघून घ्या म्हणून.

डिस्पॅच_मॅडम
फोनवर हो म्हणू नका. मेल मागा, आणि दर कमी करायचाच झाला तर बदल्यात सहा महिन्यांची क्वांटिटी लिहून घ्या. टूलिंग आणि इन्सर्टचा (कापायच्या टूलच्या बदलत्या पात्यांचा) खर्च लेबरमधनं वेगळा दाखवा, तो कापायला देऊ नका. आणि सगळं एकाच फौंड्रीचं काम असेल तर मच्छेला दोन-तीन ठिकाणी लोकल हायड्रॉलिकच्या जॉबचं विचारून या, ५ तारखेची वाट न बघता.