डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती-मनोरंजन कंपनीचा सर्वेसर्वा राहिलेल्या विन्स मॅकमहॉनचं पतन नक्की कधी सुरू झालं?

तांबडी_माती:
सगळे जून २०२२ धरतात. महिलांना गप्प ठेवण्यासाठी पैसे दिल्याची बातमी वॉल स्ट्रीट जर्नलनं छापली आणि पुढच्याच महिन्यात त्यानं निवृत्ती जाहीर केली. माझ्या मते बीज मार्च २००१ मध्येच पडलं. डब्ल्यूसीडब्ल्यू ही प्रतिस्पर्धी कुस्ती कंपनी त्यानं विकत घेतली आणि अमेरिकेतल्या पैलवानाला दुसरं मोठं दार उरलं नाही. १९८२ मध्ये त्यानं वडिलांकडून कंपनी घेतली तेव्हा तिथे प्रत्येक भागाचा प्रमोटर वेगळा. तेही काही संत नव्हते, पण एकाशी फाटलं की पैलवान दुसऱ्याकडे जायचा. केबल टीव्हीच्या जोरावर मॅकमहॉननं ती संस्थानं खालसा केली. मालक एकच उरल्यावर तक्रार कुणाकडे न्यायची?

रिंगसाइड८५:
साफ असहमत. ३१ मार्च १९८५ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिली रेसलमेनिया, म्हणजे कंपनीचा सगळ्यात मोठा वार्षिक कार्यक्रम, झाली नसती तर हा खेळ गावोगावच्या छोट्या हॉलमध्येच राहिला असता. आपल्याकडे अंडरटेकरचे पत्ते खेळत एक पिढी वाढली, ती कुणामुळे? आणि डब्ल्यूसीडब्ल्यू त्यानं बळजबरीनं घेतली नाही. सलग ८३ आठवडे टीव्हीवर त्याला मागे टाकलेली कंपनी स्वतःच्या कारभारानं बुडाली. पैलवानांना स्टेरॉइड पुरवल्याच्या १९९४ च्या खटल्यातही ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं होतं. आरोप म्हणजे गुन्हा नव्हे.

साधा_प्रेक्षक:
त्याच कंपनीच्या ओवेन हार्ट या पैलवानाला विसरलात दोघेही. २३ मे १९९९, कॅन्सस सिटी. छतावरून दोरानं उतरताना तो रिंगमध्ये कोसळला आणि गेला. कार्यक्रम पुढे चालू राहिला. तेव्हा डब्ल्यूसीडब्ल्यू जिवंत होती, त्यामुळे माती, तुमचं २००१ मला पटत नाही. माणसाची किंमत त्याआधीच ठरली होती.

तांबडी_माती:
ओवेनचं उदाहरण मला उलट माझ्याच बाजूचं वाटतं. पैलवान कागदोपत्री नोकर नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार. वर्षभर राबायचं एकाच कंपनीसाठी, पण आरोग्य विमा स्वतःचा स्वतः काढायचा. संघटना कधी उभीच राहिली नाही. २००१ नंतर तर 'मी चाललो' म्हणायचीही सोय गेली.

रिंगसाइड८५:
कंत्राटावर सही करताना कुणी हात पिरगाळला नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये तो परतला तोही स्वतःच्या शेअरच्या बळावर, कायद्यानं. त्यातूनच यूएफसीची मालक असलेल्या एंडेव्हर कंपनीशी सौदा झाला, डब्ल्यूडब्ल्यूई आणि यूएफसी मिळून टीकेओ ही नवी कंपनी उभी राहिली, भागधारकांचं भलं झालं. जानेवारी २०२४ मध्ये माजी कर्मचारी महिलेनं लैंगिक अत्याचाराचा दावा लावल्यावर त्यानं पद सोडलं, पण आरोप फेटाळलेच आहेत.

तांबडी_माती:
दाव्याचं कोर्ट बघेल. पण भागधारकांचं नाव घेतलंत म्हणून सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकानं त्याला ४ लाख डॉलर दंड केला, वर सुमारे १३.३ लाख डॉलर कंपनीला भरायला लावले. दोन महिलांशी केलेले ३० लाख आणि ७५ लाख डॉलरचे करार त्यानं लपवले होते. सही स्वतःची आणि कंपनीच्याही वतीनं. संचालक मंडळाला पत्ताच नाही. पैलवानांना ज्यानं कधी हिशेब दिला नाही, त्यानं तो भागधारकांनाही दिला नाही.