जस्टिफाय केलं की शिरोरेघ तुटते, इनडिझाइनमध्ये नेमकं काय बदलू?

मधलीओळ:
नमस्कार मंडळी, इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी अंकाचं पान लावतेय, तीन कॉलम, युनिकोड फॉन्ट, साइज ११. लेफ्ट अलाइन ठेवलं तर उजवी कड फारच वरखाली दिसते म्हणून जस्टिफाय केलं, म्हणजे दोन्ही कडा सरळ केल्या, तर काही ओळींत शब्दातली अक्षरं सुटी होतात आणि वरची रेघ मध्येच तुटते, तर काही ओळींत दोन शब्दांमध्ये एवढी गॅप की बघवत नाही. ट्रॅकिंग (अक्षरांमधली जागा) मायनस केलं तर मात्रा आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर चढतात. अजून एक, हेडिंग बॉक्समध्ये व्हर्टिकल सेंटर करूनही वर सरकल्यासारखं का दिसतं?

अक्षरवेडा:
आधी ट्रॅकिंग शून्यावर आणा. रोमन अक्षरं सुटीच असतात म्हणून थोडी लांब-जवळ केली तरी चालतं, आपली अक्षरं रेघेने जोडलेली, त्यामुळे जागा द्यायची ती शब्दांमध्ये, अक्षरांमध्ये अजिबात नाही. आता पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत जस्टिफिकेशन उघडा, तिथे लेटर स्पेसिंगचे तिन्ही आकडे (कमीतकमी, हवा तेवढा, जास्तीतजास्त) ० हवेत. डीफॉल्टला ० च असतात, म्हणजे तुमच्या टेम्प्लेटमध्ये कुणीतरी इंग्रजीसाठी बदललेले दिसतायत. ग्लिफ स्केलिंग (अक्षराची रुंदी किती टक्के ताणायची ते) ९८-१००-१०२ दिलं तर चालेल, त्याच्या पुढे गेलात की अक्षरं जाड-बारीक दिसायला लागतात. वर्ड स्पेसिंग डीफॉल्टला ८०-१००-१३३ असतं, ते तसंच राहू द्या. आणि त्याच मेनूत कंपोझर (अक्षरं आणि ओळी कशा जुळवायच्या ते ठरवणारी सेटिंग) वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर आहे ना ते बघाच, नाहीतर जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी चुकीच्या जागी जातात.

शाईआणिकागद:
वरचं सगळं बरोबर, पण मोठ्या गॅपचं मूळ कॉलमच्या रुंदीत आहे. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, 'शेजाऱ्यांकडूनसुद्धा' असा एक शब्द अरुंद कॉलमची अर्धी ओळ खातो, मग ओळीत गॅप उरतात दोन-तीन आणि सगळी मोकळी जागा तेवढ्यातच वाटली जाते. कॅरेक्टर पॅनलमध्ये लँग्वेज मराठी करून हायफनेशन (ओळीच्या शेवटी शब्द तोडणं) चालू करून बघा, नाहीतर तीनाचे दोन कॉलम करा. ते जमत नसेल तर माझं स्पष्ट मत, लेफ्टच ठेवा. उजवी कड थोडी वरखाली झाली तर वाचणारा अडत नाही, ओळीत भोकं पडली की अडतो.

लीडिंगकडे, म्हणजे ओळींमधल्या अंतराकडे, पण बघा. ऑटो म्हणजे १२० टक्के, ११ ला १३.२ होतात, मराठीला ते कमी पडतं कारण वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला टेकतो. १५-१६ देऊन बघा, पान लगेच मोकळं वाटेल.

अक्षरवेडा:
हेडिंगचं राहिलंच. सॉफ्टवेअर सेंटर काढताना फॉन्टमध्ये खाली उकारासाठी राखलेली जागाही धरतं, हेडिंगमध्ये उकार नसेल तर ती रिकामीच राहते आणि डोळ्याला मजकूर वर गेल्यासारखा वाटतो. टेक्स्ट फ्रेम ऑप्शन्समध्ये वरचा इनसेट (चौकटीच्या आतली मोकळी जागा) थोडा वाढवा, शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतचा भाग मधोमध दिसला की झालं. इलस्ट्रेटरच्या अलाइन पॅनलमध्ये ग्लिफ बाउंड्सने (अक्षराच्या प्रत्यक्ष कडांवरून) अलाइन करायची सोय आहे, पण तिथे मात्राही मोजली जाते, त्यामुळे शेवटी नजरेनेच ठरवायचं.

मधलीओळ:
लेटर स्पेसिंगमध्ये खरंच आकडे भरलेले होते! ० केले, रेघ जोडली गेली, कॉलम दोन केले आणि लीडिंग १५.५ ठेवलंय, पान एकदम वाचण्यासारखं झालंय, दोघांचे मनापासून आभार. फक्त एकदोन ठिकाणी ओळीत तीनच शब्द आहेत आणि ते टोकापर्यंत ताणलेत, पॅराग्राफची शेवटची ओळ लेफ्ट ठेवूनसुद्धा.

शाईआणिकागद:
तिथे शिफ्ट-एंटर मारलेला असणार. त्याने ओळ तुटते पण पॅराग्राफ संपत नाही, म्हणून जस्टिफाय ती ओळ ताणतं. टाइप मेनूतून शो हिडन कॅरेक्टर्स चालू करा, ¬ असं चिन्ह दिसेल, ते काढून साधा एंटर द्या, आणि त्यामुळे पॅराग्राफमध्ये जास्तीची जागा आली तर स्पेस बिफोर (पॅराग्राफच्या आधीची जागा) शून्य करा.