डिग्रीचं शेवटचं सेमिस्टर आणि स्वतःची चित्रं, दोन्ही कसं जमवायचं? सोलापूरकरांनो सल्ला द्या

ग्राफवाली_पोरगी

नमस्कार मंडळी. मी अशोक चौकाकडची, सध्या पुण्यात बी.डेस.च्या चौथ्या वर्षाला, कम्युनिकेशन डिझाईन. आठवं सेमिस्टर म्हणजे ग्रॅज्युएशन प्रोजेक्ट, तो एका कंपनीत चालू आहे, कर्ज देणाऱ्या एका अ‍ॅपचे स्क्रीन करतेय. काम वाईट नाही, माणसंही बरी आहेत, पण रात्री डोळे मिटले की 'पुढे जा' लिहिलेलं निळं बटणच दिसतं.

माझं खरं काम वेगळंय. आजोबांचा चादरीचा कारखाना बंद झाला तेव्हा माळ्यावर ग्राफचे (म्हणजे चादरीवर विणायची नक्षी आधी चौकोनी कागदावर काढतात, त्याचे) गठ्ठे राहिले होते, हाताने एकेक चौकोन रंगवलेले, मोर, कमळ, कोयरी, काहींच्या कडा उंदरांनी खाल्लेल्या. त्याच गठ्ठ्यात कोरे कागदही निघाले. त्यावर मी चौकोन भरून माणसं काढतेय, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी आमची आजी, मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी शेजारची अव्वा, दुपारी मागाखालीच झोपलेला माणूस. एकूण ४० करायचीत, ११ झालीत, एकाला तीन आठवडे जातात. आता हिशोब तुम्हीच करा.

तर प्रश्न असा की एक सेमिस्टर ड्रॉप घेऊ का? की कंपनी सोडून हेच ग्रॅज्युएशन प्रोजेक्ट म्हणून देऊ? वर तिसऱ्या वर्षाचा एक बॅकलॉग पण आहे (टायपोग्राफी, हसू नका). घरी बाबा रोज फोनवर "संपलं का गं" एवढंच विचारतात, त्यांना अजून ड्रॉपचं बोलले नाही. आणि एवढे मोठे कागद सोलापुरात स्कॅन कसे करायचे तेही सांगा.

सात_रस्ता

ड्रॉप घेऊ नको. कारण सांगतो, मी घेतलाय. कॉमिक पूर्ण करायचं म्हणून सहा महिने सोलापूरला येऊन बसलो, म्हटलं गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) आधी संपवतो. अक्षता झाल्या, होम झाला, दारूकाम झालं, कप्पडकळ्ळी झालं, कॉमिकची पानं नऊ. घरी बसलेला पोरगा दिसला की गॅस सिलेंडर आणायला तोच, चुलत बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला तोच, आत्याला हॉटगी रोडला सोडायला पण तोच, "तू रिकामाच आहेस की बे" असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. परत कॉलेजला गेलो तर फी परत भरली आणि शेजारी बसायला ज्युनिअर. गंमत म्हणजे कॉलेज चालू असताना रात्री जास्त पानं व्हायची, वेळ कमी असला की हात चालायचा. तुझं तसंच होईल असं नाही, पण तुला घरात कोणी दार लावून बसू देणार आहे का ते आधी बघ.

चहा_कमी_साखर

मी उलट म्हणेन. हेच ग्रॅज्युएशन प्रोजेक्ट करून टाक! दोन्ही कामं एकात, विषय पण जबरदस्त आहे, जुरी खूश होईल.

सात_रस्ता

जुरी खूश होईल हाच तर प्रॉब्लेम आहे ना. एकदा ते कॉलेजचं झालं की गाईड विचारणार युजर कोण, मग सर्व्हे कर, मग ब्रँडिंग कर, मग त्या आजीची टोट बॅग कर. आमच्या वर्गातल्या एकीने स्वतःच्या गावच्या जत्रेची चित्रं दिली होती, शेवटी तिला त्याचं मोबाईल अ‍ॅप करावं लागलं, त्यानंतर तिने त्या विषयाला हात लावला नाही.

ग्राफवाली_पोरगी

आजीची टोट बॅग 😭 नको.

कांडीवाला_अण्णा

बाळ, मी ग्राफ मारायचं काम केलेला माणूस, पोराने हा धागा दाखवला म्हणून लिहायलोय. डिग्रीचं मला कळत नाही, ग्राफचं कळतं.

पहिलं म्हणजे तू कुठल्या कागदावर काढायलीस ते बघ. ग्राफचे चौकोन सगळे सारखे नसतात. एका इंचात ताणा (उभे धागे) किती आणि बाणा (आडवे धागे) किती त्यावर कागद निवडायचा असतो, ८ ला १०, ८ ला १२ असं. दिसायला चौकोन, पण मोजलं तर आडवा नाहीतर उभा. आजीचा चेहरा डोळ्याला गोल दिसेल असा भरलास आणि उद्या भलत्याच घनतेच्या मागावर चढवलास तर कोहळ्यासारखा लांबेल नाहीतर भाकरीसारखा बसेल. आणि ग्राफच्या एका आडव्या ओळीला जॅकार्डचं (मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचं) एक भोकांचं कार्ड लागतं, ८०० ओळी असतील तर ८०० कार्डं पंच करून ओवायची, रंग वाढले की कार्डं अजून वाढली. आता कॉम्प्युटरवर होतं सगळं, पण हिशोब तोच आहे. कोऱ्या कागदाच्या कडेला काही लिहिलेलं असेल तर खोडू नको, ते कामाचं असतं.

दुसरं. मोराचा डोळा मनासारखा जमेपर्यंत मी बसायचो, त्याचे जास्त पैसे कुठल्या मालकाने दिले नाहीत, बायको जेवायला वाढून ठेवायची, भाकरी कडक होऊन जायची. तरी पगार चालू होता म्हणून तो डोळा करता आला.

विजापूर_रोड

अण्णा भारीच लिहिलंय. पगाराचं म्हणाल तर आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे, एम. एफ. हुसेन पंढरपूरचे. मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवायचे, नंतर नोकरी म्हणून लहान मुलांचं फर्निचर आणि खेळणी डिझाईन करायचे आणि चित्रं चालूच होती. लोनचं अ‍ॅप म्हणजे तुझं होर्डिंग समज, तेवढं पाच-सहा महिने उरक.

मी वकिलीच्या बाजूचा, म्हणून दोन गोष्टी सांगतो ज्या इथं कोणी सांगणार नाही. कंपनीशी सही केलेला कागद काढून वाच, तिथं केलेल्या कामाचे हक्क बहुतेक वेळा कंपनीकडे जातात, ते ठीक आहे, पण स्वतःची चित्रं त्यांच्या लॅपटॉपवर उघडू पण नको, उगीच वाद नको. दुसरं म्हणजे उद्या कोणी कारखानदार म्हणाला की ही आजी चादरीवर काढूया तर लगेच हो म्हणू नको. चित्र म्हणून कॉपीराईट तुझ्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं असतो, पण डिझाईन म्हणून जे नोंदवता आलं असतं आणि नोंदवलं नाही, ते तुझ्या परवानगीने यंत्रावर ५० पेक्षा जास्त नग निघाले की त्या डिझाईनवरचा कॉपीराईट संपतो, १९५७ च्या कायद्यातलं कलम १५. २००० च्या डिझाईन कायद्याखाली नोंदणी केली तर १० वर्षं, वर ५ वाढवून मिळतात. पण नोंदणीच्या आधी इन्स्टावर टाकलंस तर 'नवीन' म्हणायला अडचण येते. ५० चादरी म्हणजे आपल्याकडे एका छोट्या दुकानाची पण ऑर्डर नाही, विचार कर.

ग्राफवाली_पोरगी

बापरे, पाच चित्रं ऑलरेडी इन्स्टावर आहेत. बाकीची आता थांबवते. अण्णा, कागदाच्या कडेला खरंच पेन्सिलीने आकडे आहेत, मला वाटलं कोणीतरी उधारी लिहिलीय!!

पार्क_चौक_प्रिंट

स्कॅनचं सांगतो. आख्खा कागद कुठल्या मशीनमध्ये ओढून घालू नका, जुना कागद घडीवर फाटतो. फ्लॅटबेडवर ए३ चे तुकडे, एकमेकांवर चार बोटं येतील असे, ६०० डीपीआयला, मग जोडायचे. चौकोन असल्यामुळे जोड बरोबर बसतो. किंवा सकाळी गच्चीवर सावलीत सपाट ठेवून फोटो, कॅमेरा अगदी समांतर पाहिजे नाहीतर चौकोन लगेच चुगली करतात. उन्हात नको, आपलं ऊन कागदाला काय करतं ते सांगायला नको.

जुळे_सोलापूर_जुळी_नाही

सगळे ड्रॉप आणि जुरीवरच भांडायलेत, बॅकलॉगचं कोणी बोललंच नाही. ताई, टायपोग्राफीचं सबमिशन काय आहे? विषय तुम्हीच निवडायचा असेल तर चौकोनातली देवनागरी करा ना. आपल्याकडे टॉवेलवर हॉटेलची, लॉजची नावं विणतातच, ती अक्षरं ग्राफवरच बसवलेली असतात. शिरोरेघ किती चौकोन जाड, 'श्र' आणि 'क्ष' आठ चौकोनांत कसे बसवायचे, वेलांटीचा गोल पायऱ्या-पायऱ्यांचा होतो त्याचं काय करायचं, यात एक आख्खं सेमिस्टर जाईल. म्हणजे कॉलेजला अक्षरं द्या, माणसं तुमच्याकडेच ठेवा. कागद तोच, माळा तोच, फक्त गाईडला आजी दाखवायची नाही.

सात_रस्ता

हे बेस्ट आहे बे.

ग्राफवाली_पोरगी

मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले हे वाचून. सबमिशन 'एका स्थानिक लिपी-परंपरेवर डिस्प्ले अक्षरं' असंच आहे, आणि मी तीन महिने रडत दुकानांच्या पाट्यांचे फोटो काढत होते. ड्रॉप कॅन्सल. कंपनीचं संपेपर्यंत दर शनिवार-रविवार फक्त चित्र, आणि घरी यायचं असेल तेव्हा हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये चार तास अक्षरं (चौकोन भरायला गाडी हलली तरी चालतं, चेहऱ्याला नाही चालत). ४० ऐवजी सध्या २० वर थांबते. बाबांना काय सांगायचं ते बघू, ड्रॉपचं बोललेच नव्हते हे बरं झालं.

अण्णा, दिवाळीला आले की कागद घेऊन तुमच्याकडे येऊ का? कडेचे आकडे वाचून दाखवाल?

कांडीवाला_अण्णा

ये की. दुपारी ये, सकाळी मला दिसत नाही नीट, मोतीबिंदू काढायचाय. अक्षरं करायलीस तर एक ध्यानात ठेव, चादर दोन्हीकडून वापरतात आणि पालथ्या बाजूला नाव उलटं दिसतं. एका लॉजवाल्याने ह्यावरून सगळा माल परत पाठवला होता आमच्या मालकाकडे. मग आम्ही त्याचं नाव कोपऱ्यात छोटं केलं आणि मध्ये मोर घातला, मोर उलटा असला तरी कोणी भांडत नाही.