कॉलेज कॅम्पसवर कोणाच्या स्मरणार्थ डिस्क गोल्फ कोर्स केलाय का कोणी? माहिती हवी आहे

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी, विषय जरा वेगळा आहे, कुठल्या सदरात टाकावा कळेना म्हणून इथेच टाकतोय, ऍडमिनना वाटलं तर हलवा.

माझ्या मावसभावाचा मुलगा इथे ओहायोत एका छोट्या कॉलेजात शिकत होता. गेल्या हिवाळ्यात ब्लॅक आइसवर (रस्त्यावरचा न दिसणारा बर्फ) गाडी घसरली आणि गेला. एकुलता एक. दादा-वहिनी नाशिकला, इथे जवळचं म्हणायला मीच, त्यामुळे कॉलेजशी बोलणं, सामान पाठवणं सगळं माझ्याकडेच आलं.

आता त्याची मित्रमंडळी म्हणतायत की त्याच्या नावाने कॅम्पसवर डिस्क गोल्फ कोर्स करायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गोल्फसारखाच खेळ पण बॉल नि काठीऐवजी फ्रिसबीसारखी चकती, आणि खड्ड्याऐवजी खांबावर लोखंडी बास्केट, वर साखळ्या लटकवलेल्या, चकती साखळ्यांवर आपटून खाली टोपलीत पडते. आमचा पोरगा इथे येऊनच शिकला आणि मग रोज संध्याकाळी तेच, आईला व्हिडिओ कॉल पण मैदानातूनच करायचा. हॉस्टेल आणि ऍथलेटिक फील्डच्या मधे मोकळी जागा आहे, थोडं गवत थोडी झाडं, तिथे ९ बास्केटचा कोर्स बसेल असं पोरं म्हणतात.

दादाला मात्र ग्रॅनाइटचा बाक आणि नावाची पाटी हवीये. त्याचं म्हणणं खेळाच्या मैदानाला कोण किती दिवस विचारणार, बाक राहतो. वहिनी काहीच बोलत नाही.

तर विचारायचं म्हणजे, खर्च साधारण किती, कॉलेज परवानगी देतं का आणि कोणाकडे जायचं, आणि मुख्य म्हणजे ही पोरं दोन वर्षांत पास होऊन जातील मग सांभाळणार कोण? पोरांनी ऑनलाइन वर्गणी पण सुरू केलीये, ते बरोबर आहे का तेही सांगा.

चकतीबहाद्दर

काका, वाचून वाईट वाटलं. मी शार्लटला असतो आणि इथे हा खेळ म्हणजे आपल्याकडे गल्ली क्रिकेट, तेव्हा खेळाबद्दल मी सांगू शकतो, पैशाचं दुसरं कोणी सांगेल.

९ बास्केटला जागा फार लागत नाही. सोपा कोर्स ठेवलात, म्हणजे एकेक होल (फेकायच्या जागेपासून बास्केटपर्यंतचा टप्पा) १५०-२५० फुटांचा, तर पाचेक एकरात आरामात होतो. आणि सोपाच ठेवा. पोरांना चारशे-पाचशे फुटी होल हवे असतील, भाव खायला. पण कॅम्पसवरच्या कोर्सवर येणारा माणूस म्हणजे दोन लेक्चरच्या मधे तास मोकळा आहे, मित्राकडून चकती उसनी घेतली, असा असतो. त्याला पहिल्याच दिवशी चकती रानात शोधत बसावं लागलं तर तो परत येत नाही, आणि कोणी आलंच नाही तर दादांची शंका खरी ठरेल.

दुसरं सेफ्टी. टीव्हीवर दिसते तशी ती हलकीफुलकी फ्रिसबी नाही हो, ड्रायव्हर म्हणतात त्या चकतीला पातळ कड असते, वजन १७० ग्रॅमच्या आसपास, डोक्यात बसली तर टाके पडतात. उजव्या हाताने बॅकहँड मारणाऱ्याची चकती शेवटी शेवटी डावीकडे वळते, आणि नवशिक्याच्या हातातून उशिरा सुटली की सरळ उजवीकडे जाते. म्हणजे दोन्ही बाजूला जागा मोकळी पाहिजे. लायब्ररीकडे जाणारा फूटपाथ, पार्किंग, खिडक्या यांच्या दिशेने एकही होल नको आणि दोन होलच्या वाटा एकमेकींना छेदायला नकोत. कोर्सेस बंद पडतात ते बहुतेक यावरूनच, कोणाच्या तरी गाडीची काच फुटते आणि डीन म्हणतो बास.

आणि लगेच सिमेंट ओतू नका!! पोर्टेबल बास्केट मिळतात, त्या मांडून एक सेमिस्टर खेळू दे. कुठे गर्दी होते, कुठे पाणी साचतं, कुठल्या झाडाचं खोड सोलवटतंय सगळं कळतं. ओहायोत ॲशची झाडं बोअररच्या किडीने मेलीयेत भरपूर, तशी वाळकी उभी असतील तर खेळ सुरू व्हायच्या आधी तोडून घ्या.

पक्क्या बास्केटला प्रत्येकी चारशे-पाचशे डॉलर धरा.

डेटनची_ताई

मी एका युनिव्हर्सिटीच्या देणगी विभागातच काम करते (कुठली ते सांगत नाही) त्यामुळे पैशाचं मी सांगते.

गंगापूररोडकर दादा, सगळ्यात आधी ती ऑनलाइन वर्गणी थांबवायला सांगा. पोरांचा हेतू चांगलाच आहे पण ते पैसे कोणा एकाच्या बँक खात्यात जातात, देणाऱ्याला टॅक्सची सूट नाही, आणि उद्या कॉलेजने नाही म्हटलं तर परत कोणी कोणाला करायचे. कॉलेजच्या फाउंडेशनमध्ये (कॉलेजच्या देणग्या सांभाळणारी संस्था) त्याच्या नावाने फंड उघडून मागा, लोक तिथेच थेट देतील. फायदा हा की सूट मिळते आणि इथल्या बऱ्याच कंपन्या मॅचिंग करतात, म्हणजे तुम्ही ५०० दिले की कंपनी वर ५०० घालते. आपले निम्मे मराठी लोक आयटीत, तरी हे कोणी वापरत नाही, फॉर्म भरायचा कंटाळा.

भेटायचं कोणाला: आधी डीन ऑफ स्टुडंट्स, मग फाउंडेशन, मग फॅसिलिटीज, म्हणजे इमारती-मैदानं सांभाळणारं खातं. शेवटचा खरा मालक. गवत कापणारा माणूस तुमच्या बाजूचा नसेल तर प्रेसिडेंटने सही करून उपयोग नाही, त्याला प्रत्येक बास्केटभोवती मशीन वळवावं लागणार आहे. त्याला पहिल्या मीटिंगपासून बोलवा, बास्केट कुठे नको ते त्याला विचारा.

लेखी करारात दोन गोष्टी हव्यातच. एक, देखभालीचा पैसा. बांधायला १५ हजार जमले तर सगळे बांधायला घालू नका. बऱ्याच ठिकाणी कायमस्वरूपी निधीला २५ हजार डॉलरची किमान अट असते आणि वर्षाला त्यातले ४ टक्के धरून खर्चायला देतात, म्हणजे हजार डॉलर. तेवढ्यात साखळी बदलणं, पाटी बदलणं, लाकडाचा भुसा टाकणं होऊन जातं. इतके जमत नसतील तर निदान पाच वर्षं पुरेल इतकी रक्कम बाजूला काढा. दोन, उद्या त्या जागेवर कॉलेजला इमारत बांधायची झाली तर काय? हे आत्ताच लिहून घ्या, की कोर्स हलवतील किंवा नाव दुसऱ्या कशाला देतील. लोक भावनेच्या भरात हे विचारत नाहीत आणि दहा वर्षांनी वडील येतात तेव्हा तिथे पार्किंग डेक असतो. मी बघितलंय हे, फार वाईट वाटतं.

दादा-वहिनी भारतातून पाठवणार असतील तर एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवायची योजना) देणगी पाठवता येते, पण इकडच्या कॉलेजला दिलेल्या पैशावर तिकडे ८०जीची करसवलत वगैरे काही मिळत नाही हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

सदाशिव_पेठ_३०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. इतके पैसे असतील तर नाशिकमधल्या एखाद्या पोराला स्कॉलरशिप द्या ना. अमेरिकेतल्या श्रीमंत कॉलेजात चकत्या फेकायला मैदान करून कोणाचं भलं होणार आहे? आणि खेळाच्या जागेला मृत माणसाचं नाव, आई-बापाला रोज तिथे पोरं हसताखिदळताना बघवेल का?

चकतीबहाद्दर

@सदाशिव पेठ, हसणं-खिदळणं व्हावं म्हणूनच तर करायचं ना. आणि आपल्याकडे काय वेगळं आहे? निम्म्या क्रिकेट टूर्नामेंट कोणाच्या तरी स्मृती चषकाच्याच असतात. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाला थिएटर दणाणून सोडणाऱ्या किती पोरांना माहितीये की पुरुषोत्तम कोण? तरी नाव वर्षानुवर्षं घेतलं जातंय, कारण स्पर्धा चालू आहे.

आणि या खेळात तर ही पद्धत मुळापासूनच आहे. एड हेड्रिक म्हणून होता, साखळ्यांची बास्केट त्याचीच, १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कला पहिला कायमचा कोर्स त्यानेच मांडला. २००२ मध्ये गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लास्टिकमध्ये मिसळून चकत्या काढल्या. आपल्याला ऐकायला कसंतरीच वाटतं खरं, पण त्या माणसाला नदीपेक्षा हवेत जायचं होतं.

सदाशिव_पेठ_३०

राखेच्या चकत्या! धन्य आहे. असो, स्कॉलरशिपचा मुद्दा मी सोडत नाही.

काँक्रीटवाला_मिनेसोटा

धागा उशिरा पाहिला. मी सिव्हिलवाला, आमच्या गावच्या पार्कात टी-पॅड ओतायला मदत केलीये म्हणून तेवढंच लिहितो.

टी-पॅड म्हणजे जिथून चकती फेकतात तो ओटा. ५ बाय १२ फूट करा, ४ इंच जाडी, खाली खडीचा थर नीट ठोकून, वर झाडूने खरखरीत फिनिश, गुळगुळीत केलात तर पावसात पोरं घसरून पडतील. पाणी निघून जायला किंचित उतार. हिशोब केला तर एका पॅडला पाऊण घनयार्डाच्या जरा कमी काँक्रीट लागतं, नऊ मिळून सात घनयार्ड धरा, म्हणजे एका मिक्सर ट्रकमध्ये सगळं येतं. पण गंमत पुढे आहे, ट्रक हिरवळीवर जाऊ देत नाहीत. त्यामुळे मोटरवाली बगी भाड्याने घ्या नाहीतर हातगाड्या आणि वीस पोरं. आमच्याकडे हातगाड्याच होत्या, तिसऱ्या पॅडपर्यंत उत्साह, पुढे पिझ्झाच्या जोरावर.

खणायच्या आधी ८११ ला फोन. फुकट असतो, जमिनीखालची गॅस, वीज, फायबरची लाइन रंगाने आखून देतात. पण कॅम्पसच्या स्वतःच्या खाजगी लाइनी त्यात येत नाहीत, स्प्रिंकलर, स्टीम पाइप वगैरे, त्या फॅसिलिटीजवाल्यालाच माहीत. म्हणजे परत तोच गवतवाला, ताई म्हणतात ते शंभर टक्के.

बास्केटचा खांब थेट काँक्रीटमध्ये गाडू नका, स्लीव्ह (खांब आत बसेल अशी पोकळ नळी) गाडा आणि खांब त्यात कुलूप लावून बसवा. शिवाय दोन-तीन जादा स्लीव्ह गाडून ठेवा, आलटूनपालटून बास्केट हलवली की एकाच जागची माती तुडवून खलास होत नाही. आणि ओहायोत थंडी पडायच्या आत उरका.

गंगापूररोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकी माहिती कॉलेजवाल्यांनी पण दिली नाही. वर्गणीचं पोरांना सांगितलं, थांबवलीये. सदाशिव पेठ, तुमचा राग नाही हो, दादाच्या तोंडूनही स्कॉलरशिपचं आलं होतं, ते नाशिकला त्याच्या शाळेत वेगळं करतोच आहोत.

काल दादा-वहिनीला तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. वहिनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली बाक करा पण एकटा नको, कुठल्यातरी होलच्या ओट्यापाशी ठेवा, पोरं आपली पाळी येईपर्यंत बसतील. दादा हो म्हणाला. तिला पहिल्या होलच्या पाटीवर त्याचं नाव देवनागरीत पण हवंय. ते जमेल ना?

डेटनची_ताई

जमेल पण सांभाळून. इथल्या साइन बनवणाऱ्याला देवनागरी टाइप केलेली फाइल अजिबात पाठवू नका, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि त्यांना ते चुकलंय हे कळतही नाही. एका स्मारकावर "स्मृती"चं "स्म ृती" झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, तेही पितळेत. तुम्हीच फॉन्ट निवडा, अक्षरांचं आउटलाइन करून (म्हणजे टाइप न राहता चित्र होतं) पीडीएफ द्या आणि छापायच्या आधी प्रूफ मागून स्वतः वाचा.

आणि पाटीवर मजकूर थोडा ठेवा. नाव, साल, होलचा नकाशा, अंतर. खेळणारा तिथे अर्धा मिनिट उभा राहतो.

चकतीबहाद्दर

काका बाक टी-पॅडच्या मागे ठेवा, बाजूला नको, नाहीतर बसलेल्याच्या कानाला फेकणाऱ्याचा हात लागेल. जागेचा गूगल मॅप पाठवता का व्यनित (खाजगी निरोपात)? शनिवारी मोकळा आहे, कच्चा आराखडा काढून देतो.

गंगापूररोडकर

पाठवला. फॅसिलिटीजवाल्याला पुढच्या आठवड्यात भेटतोय, काय म्हणतो ते इथेच लिहीन.