अंधुक रेडिओ स्रोतांची सूची आणि गोंगाटाची मर्यादा

'निरीक्षणाचा वेळ वाढवला की अंधुक रेडिओ स्रोत, म्हणजे आकाशातील रेडिओ लहरी सोडणाऱ्या वस्तू, आपोआप दिसू लागतील' हा मुद्दा मला अर्धाच पटतो. वेळ चौपट केला तरी गोंगाट, म्हणजे संकेतात मिसळणारे नको असलेले चढउतार, निम्माच होतो. शिवाय खोडद येथील जीएमआरटीसारख्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीवर कमी वारंवारतेने निरीक्षण करताना आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) लहरींमध्ये सतत फेरफार करत असते, आणि त्याची दुरुस्ती नीट झाली नाही तर तेजस्वी स्रोतांभोवती खोटे ठिपके उमटतात. म्हणूनच तिच्या १५० मेगाहर्ट्झ सर्वेक्षणाच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचीत गोंगाटाच्या किमान ७ पट तीव्रतेचेच ठिपके स्वीकारले गेले. या कडक निकषामुळे काही खरे स्रोत गळाले असणारच, तरीही सुमारे ६ लाख २० हजार नोंदी झाल्या. माझ्या मते हा सौदा योग्यच होता.

जाता जाता: जीएमआरटीचे शिल्पकार, रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये मुंबईजवळच्या कल्याणला ३२ छोट्या तबकडी अँटेना उभारून सूर्याचे वेध घेतले होते. आज मुंबईच्या परिसरातील मोबाइल मनोऱ्यांच्या गलबल्यात अंधुक स्रोतांचा शोध घेणे जवळजवळ अशक्यच आहे.