कम्युनिटी हॉलला पार्टिशन टाकायचं का? (लातूर, सोसायटी ग्रुप)

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. हॉलमध्ये पोरं नीटचा अभ्यास करायलेत आणि तिथंच ज्येष्ठ मंडळी पेपर वाचत बसतात. दोन्हीकडून तक्रारी आहेत. मधोमध छतापर्यंत प्लायचं पार्टिशन टाकायचं का? रविवारच्या मीटिंगआधी कळवा.

ए-१०३: टाका. एकदाचं मिटू द्या.

सी-४०१: आन् हवा? खिडक्या एकाच बाजूला, कूलर पण तिकडंच. मे महिन्यात पलीकडचे उकडून निघतील.

बी-२०२: भिंत नकोच. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ४ फुटांवर असतात. साडेचार फुटांचा आडोसा केला की बसल्यावर पलीकडचं दिसत नाही, उभं राहिलं की अख्खा हॉल दिसतो. खालून अर्धा फूट मोकळं सोडा, हवाही जाते, झाडूही फिरतो.

आडोसा फर्निचरमधूनच मिळतो. कोपनहेगनच्या एसएएस हॉटेलसाठी डिझायनर आर्ने याकोबसेननं १९५८ मध्ये ‘एग’ खुर्ची केली ती बघा. उंच पाठ, पुढं वळलेल्या बाजू. वर्दळीच्या लॉबीत बसणाऱ्याला आपला कोपरा मिळतो. २००६ मध्ये बुरुलेक बंधू या डिझायनर जोडीनं विट्रा कंपनीसाठी ‘अल्कोव्ह’ सोफा केला, त्याच्या पाठीबाजू आणखी उंच. असे दोन समोरासमोर ठेवले की मधे खोलीच झाली.

ए-१०३: सर, आपला मेंटेनन्स कोपनहेगनचा नाही 😄

बी-२०२: फुकटातलं आधी करा की. टेबलं भिंतीकडं तोंड करून लावा. डोळ्यांसमोरून कुणी गेलं की मान वर होतेच. मग टेबलांच्या दोन्ही बाजूंना मिस्त्रीकडून फळ्या मारून घ्या, लायब्ररीत असतात तशा.

खजिनदार: टेबलं अजून छोटी केली तर दुप्पट पोरं बसतील.

बी-२०२: हेच नका करू भाऊ. रॉबर्ट प्रॉप्स्ट या डिझायनरनं हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी १९६८ मध्ये ऑफिसात लावायचे हलते पॅनल आणले, ते माणसाला मोकळीक आणि आडोसा दोन्ही मिळावं म्हणून. कंपन्यांनी जागा वाचवायला त्याचीच खुराडी केली. पुढं तो स्वतःच त्याला वैतागला होता.

डी-३०१: पोरं आत मोबाईल बघायलेत का अभ्यास, कसं कळणार बाबा?

बी-२०२: काकू, येता-जाता उभ्यानं दिसतंय की सगळं. म्हणूनच साडेचार फूट.

सी-४०१: आणि गप्पांचा आवाज?

बी-२०२: तो वरून येणारच. नुसता प्लाय आवाज परत फेकतो. फळ्यांना आतून जाड फेल्ट लावला तर घुमणं कमी होईल, पण गप्पा ऐकू येतील. त्याला अंतरच पाहिजे.

ए-००१ (आप्पा): आम्हाला कुणी विचारलंच नाही. आम्ही ढाळजेत, म्हणजे वाड्याच्या दारातल्या बैठकीत, बसून वाढलेली माणसं, आम्हाला कोपरा कशाला? येणारा-जाणारा दिसला पाहिजे, रामराम झाला पाहिजे. गेटजवळच्या पोर्चात दोन बाकडी टाका, हॉल पोरांना देऊन टाका.

डी-३०१: 👏👏 आप्पा

सेक्रेटरी: आप्पा, हे आधी सांगायचं ना! मिस्त्रीला उद्या माप घ्यायला बोलावतो. फळ्या आणि बाकडी, दोन्हीचा अंदाज रविवारी ठेवतो.

ए-१०३: पोर्चात गाड्या लावतो आपण. त्या कुठं न्यायच्या?